कंसातलं वाक्य आधी डॉक्टरांना सांगा

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातले. मी नोकरीसाठी पुण्यात असते. आई 56 वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, रिपोर्टमध्ये हर-टू पॉझिटिव्ह आलं, म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे. आधी चार लाल केमो झाल्या. मग बारा आठवडे दर आठवड्याची केमो आणि तिच्या जोडीनं ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं इंजेक्शन. नंतर रेडिएशनचे शेक झाले. आता दर 21 दिवसांनी फक्त ट्रास्टुझुमॅब असतं, त्याचे चार डोस झालेत, एकूण वर्षभर घ्यायचंय. सुरुवातीला ईएफ, म्हणजे हृदयाची रक्त बाहेर फेकण्याची टक्केवारी, 64 होतं, लाल केमोनंतर 61, पुढे तीन महिन्यांनी 58 आणि परवाच्या एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, एकदम 47. कॅन्सरच्या डॉक्टरांनी पुढचं इंजेक्शन थांबवलं आणि हार्टच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी रामिप्रिल आणि कार्व्हेडिलॉल लिहून दिलंय, पण आई म्हणते आणखी गोळ्या नकोत. (तसा तिला काही त्रास नाही. जिना चढली की धाप लागते आणि हल्ली दोन उशा घेऊन झोपते, पण ते वयामुळे असेल. डॉक्टरांनाही तिनं काही होत नाही असंच सांगितलं.) मामा म्हणतात, हृदय निम्मंच चाललंय, या औषधांनीच घालवलं, आता सगळं बंद करून काढा सुरू करू. इंजेक्शन थांबलं तर कॅन्सर परत येईल का? हृदय पूर्ववत होईल का? डॉक्टरांचं काही चुकलं का? आणि चैत्रात जोतिबाला जायचा आईचा नवस आहे, तिला नेऊ का?

उत्तर :

तुम्ही विचारलेल्या चारही प्रश्नांकडे येते, पण त्याआधी तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्याकडे. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे, आणि दोन्ही डॉक्टरांपर्यंत नेमकं तेच पोचलेलं नाही.

छप्पन्न हे धापेचं वय नव्हे. जिना चढून धाप लागणं एक वेळ केमोच्या अशक्तपणावर ढकलता येईल, दोन उशा तशा ढकलता येत नाहीत. आडवं झाल्यावर पायांकडचं रक्त छातीकडे येतं. हृदय दमलेलं असेल तर ते रक्त त्याला पुढे ढकलवत नाही आणि फुप्फुसांत पाणी साठायला लागतं. माणसाला याचं कारण कळत नाही, पण डोकं उंच ठेवलं की बरं वाटतं एवढं कळतं, आणि एकाच्या दोन उशा होतात. म्हणून पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. हे वाचून झालं की कार्डिओलॉजिस्टच्या दवाखान्यात फोन करा आणि सांगा : जिन्यावर धाप लागते, दोन उशा लागतात, मागच्या वेळी सांगायचं राहिलं. एक-दोन दिवसांत आईला तपासून घ्या.

धाप हृदयाचीच असेल असं मी इथे बसून म्हणणार नाही. केमोनंतर हिमोग्लोबिन खाली गेलेलं असू शकतं, फुप्फुसाभोवती पाणी झालेलं असू शकतं. कॅन्सरच्या रुग्णांमध्ये पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊन अडकण्याचा धोकाही नेहमीपेक्षा जास्त असतो. म्हणून तर प्रत्यक्ष तपासणी हवी. हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी असते, ती करायची का तेही विचारा. आणि आई रात्री झोपेतून गुदमरून उठली, बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडली किंवा गुलाबीसर फेस असलेला खोकला आला, तर फोनाफोनीत वेळ घालवू नका. 108 ला फोन करून थेट मोठं रुग्णालय गाठा.

या एका वाक्यावर मी इतकी अडून बसले आहे कारण पुढचा सगळा निर्णय त्याच्यावर फिरतो. ईएफ 40 ते 49 च्या दरम्यान उतरलं पण रुग्णाला काहीही त्रास नसला, तर हृदयाच्या गोळ्या देऊन, लक्ष ठेवून ट्रास्टुझुमॅब चालू ठेवण्याचा विचार करता येतो. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीनं 2022 मध्ये कॅन्सर आणि हृदय यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही ही मुभा आहे. पण तेवढ्याच ईएफला धाप, सूज असा त्रास असेल, तर इंजेक्शन थांबवून आधी हृदय सावरायचं असतं. आईच्या केसपेपरवर आज 'त्रास नाही' असं लिहिलेलं असणार. ते बदललं नाही, तर दोन चांगले डॉक्टर चुकीच्या माहितीवर शहाणपणाचा निर्णय घेतील.

आता त्या 47 बद्दल. मामांचा हिशोब असा दिसतो की 100 म्हणजे पूर्ण हृदय आणि 47 म्हणजे निम्मं. तसं नसतं. ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर फेकलं जातं ते. निरोगी हृदयही कप्पा पूर्ण रिकामा करत नाही; बायकांमध्ये 54 च्या वर असलं की ठीक मानतात. म्हणजे आई 100 वरून नाही, 64 वरून 47 वर आली आहे. ही घट लक्षात घेण्याजोगीच आहे. एकाच माणसाचे दोन एको पाच-दहा अंकांनी इकडेतिकडे होऊ शकतात, पण सतराची घट मशीनच्या माथी मारता येत नाही. एक मात्र पाहा, चारही एको एकाच ठिकाणी झाले होते का? तालुक्याला एक, सांगलीला एक, पुण्याला आलात तेव्हा एक असं झालं असेल तर यापुढे तरी एकच जागा धरा. तिथे जमत असेल तर 'स्ट्रेन', म्हणजे ठोक्याला हृदयाचा स्नायू किती आखडतो ते, मोजून मागा. ईएफ घसरण्याआधीच स्नायूचा थकवा त्यात दिसू शकतो.

हे झालं कशानं? मामांचं निम्मं बरोबर आहे, औषधांनीच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. लाल केमो म्हणजे बहुधा डॉक्सोरुबिसिन. ते कॅन्सरच्या पेशींचा डीएनए तोडतं आणि तेच करताना हृदयाच्या स्नायूलाही इजा करतं. ही इजा डोसागणिक साठत जाते, म्हणून आयुष्यभराची मात्रा मोजून ठेवतात. शरीराच्या दर चौरस मीटरमागे एकूण 400 मिलिग्रॅमला साधारण 5 टक्के रुग्णांत हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाला पुरेसं रक्त पुढे ढकलता न येणं, दिसतं, 550 ला ते साधारण 26 टक्क्यांवर जातं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये नेहमीच्या चार डोसांची बेरीज 240 होते. आईला मर्यादेच्या बरंच आत ठेवलेलं असणार, तरी डिस्चार्ज कार्डावर तिची नेमकी बेरीज शोधा आणि सापडली नाही तर लिहून मागा. हा आकडा तिला जन्मभर लागणार आहे.

ट्रास्टुझुमॅबचं गणित वेगळं. ते ज्या हर-टू प्रथिनाला पकडतं, ते हृदयाच्या पेशींवरही असतं आणि तिथे त्याचं काम डागडुजीचं असतं. लाल औषधानं आधी ओरखडे काढायचे आणि लगेच दुसऱ्यानं दुरुस्तीवाल्याला दारातच अडवायचं, असा तो प्रकार. दोन्ही औषधं एकत्र दिली तर काय होतं हे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. 27 टक्के बायकांमध्ये हृदयाचं काम घटलं. लाल गटातलं औषध पण ट्रास्टुझुमॅबशिवाय घेणाऱ्यांत हे प्रमाण 8 टक्के होतं. तेव्हापासून ती सहसा एकत्र देत नाहीत, आधी एक संपवून मग दुसरं सुरू करतात. आईलाही तसंच दिलं आहे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आलं. तुम्ही लिहिलेल्या क्रमात मला चूक दिसत नाही. उपचाराआधी एको, लाल केमोनंतर एको, पुढे दर तीन महिन्यांनी एको, आणि घट दिसताच इंजेक्शन थांबवून हृदयाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी. हे असंच व्हायला हवं. खरं तर हे सगळीकडे इतकं शिस्तीत होत नाही. 'पेशंट बरा दिसतोय' म्हणून मधला एको टाळलेला मी पाहिला आहे. मामांना हेही सांगा की ट्रास्टुझुमॅब येण्याआधी हर-टू पॉझिटिव्ह हा स्तनाच्या कॅन्सरचा फार आक्रमक प्रकार समजला जायचा. या इंजेक्शनानं त्या बायकांचं आयुष्य खरोखर बदललं. औषध वाईट म्हणून ते थांबवलेलं नाही, ते पुन्हा देता यावं म्हणून थांबवलं आहे.

इंजेक्शन थांबलं तर कॅन्सर परत येईल का, या भीतीनंच आई धाप लपवते आहे असा माझा अंदाज आहे. सांगितलं तर इंजेक्शन बंद होईल, बंद झालं तर आजार उलटेल, असा तिचा हिशोब असणार. शिवाय तुमच्या रजा आणि खर्च तिच्या डोक्यात असणारच. तेव्हा तिला हे सांगा.

साधारणपणे किमान चार आठवडे थांबून पुन्हा एको करतात. ईएफ वर आलं तर इंजेक्शन पुन्हा सुरू होऊ शकतं. काही आठवड्यांच्या खंडानं झालेला उपचार वाया जात नाही. बारा आठवडे आणि त्यापुढचे चार डोस धरले तर आईचं जवळजवळ सहा महिन्यांचं ट्रास्टुझुमॅब झालं आहे. ब्रिटनमध्ये सुमारे 4,000 बायकांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने विरुद्ध बारा महिने अशी तुलना केली होती. चार वर्षांनी आजार न उलटता असलेल्यांचं प्रमाण सहा महिन्यांच्या गटात 89.4 टक्के आणि बारा महिन्यांच्या गटात 89.8 टक्के निघालं. फ्रान्समधल्या अशाच चाचणीला मात्र सहा महिने पुरतात हे सिद्ध करता आलं नाही, त्यामुळे वर्षभराचा उपचार हीच आजही रीत आहे. तुम्ही हे वाचून 'सहा महिने झाले, बास' असं घरी ठरवू नका. उरलेलं इंजेक्शन खरंच देता आलं नाही तर सगळं संपलं असं नसतं, एवढ्यापुरताच हा आधार घ्या.

2019 मध्येच प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक छोटा अभ्यास आईच्या परिस्थितीच्या आणखी जवळचा आहे. ईएफ 40 ते 49 असलेल्या 30 बायकांना हृदयाच्या गोळ्या आणि कार्डिओलॉजिस्टची देखरेख ठेवून हर-टूविरोधी औषधं दिली. 27 जणींचा ठरलेला उपचार पूर्ण झाला. मात्र त्या बायकांना हार्ट फेल्युअरची लक्षणं नव्हती. आई त्यांच्यात बसते की नाही हे पुन्हा त्या दोन उशांवरच येऊन थांबतं.

हृदय पूर्ववत होईल का? ट्रास्टुझुमॅबमुळे झालेली घट बहुतेक वेळा औषध थांबवल्यावर भरून येते, कारण त्यात पेशी सहसा मरत नाहीत. लाल केमोच्या इजेचं तसं नसतं, तिथे वेळेला फार महत्त्व असतं. मिलानच्या कॅन्सर संस्थेतल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये 201 रुग्णांचा अनुभव मांडला होता. लाल गटातल्या केमोनंतर हृदय कमजोर झालेल्यांपैकी ज्यांना पहिल्या दोन महिन्यांत एनालाप्रिल आणि शक्य तिथे कार्व्हेडिलॉल सुरू झालं, त्यांच्यातले 64 टक्के पूर्ववत झाले. सहा महिन्यांनंतर ज्यांना सुरू झालं त्यांच्यात पूर्णपणे सावरलेला एकही नव्हता. आईला दिलेली जोडी याच कुळातली आहे. रामिप्रिल हा एनालाप्रिलचा भाऊच. आईचं ईएफ तीन महिन्यांपूर्वीपर्यंत 58 होतं आणि घट आत्ता दिसली, म्हणून ट्रास्टुझुमॅबचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं, आणि ती गोष्ट आशेची आहे. पण तिची लाल केमो संपून सहा महिने होत आलेत. अशा वेळी गोळ्या फडताळात पडून राहणं मला अजिबात पटत नाही.

'आणखी गोळ्या नकोत' यावर तिच्याशी वाद घालू नका, कशाला नको हे विचारा. कुणाला चक्कर येते, कुणाला शेजारणीनं 'हार्टची गोळी एकदा लागली की सुटत नाही' असं सांगितलेलं असतं. या गोळ्या मुद्दाम अगदी कमी डोसनं सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. सुरुवातीला उठताना गरगरेल, तेव्हा पलंगावरून झटकन उठू नये. रामिप्रिलनं काहींना कोरडा खोकला येतो. तसं झालं तर डॉक्टर गोळी बदलून देतात, आपण होऊन बंद करायची नाही. ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र पुढचा डोस न घेता लगेच दवाखाना गाठायचा. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम तपासतात, ती चिठ्ठी हरवू नका.

मामांचा काढा. त्यात काय काय आहे ते पुडीवरून किंवा वैद्यांकडून लिहून आणा आणि कार्डिओलॉजिस्टना दाखवा. माझं पहिलं लक्ष ज्येष्ठमधाकडे जाईल. खोकल्याच्या आणि ताकदीच्या कितीतरी काढ्यांत ते असतं. रोज पोटात गेलं तर ते अंगात पाणी धरून ठेवतं, बीपी वाढवतं आणि पोटॅशियम खाली आणतं; कमजोर हृदयाला यातलं काहीच नको आहे. काढ्याइतकीच मला मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वेदनाशामकांचीही काळजी वाटते. आठवड्याच्या केमोनंतर हातापायांना मुंग्या येतात, सांधे ठणकतात, आणि बायका डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असलेली गोळी मागून घेतात. आईनं त्या घेऊ नयेत. त्या पाणी साठवतात आणि रामिप्रिलच्या जोडीला मूत्रपिंडावर ताण आणतात. ठणक असेल तर डॉक्टरांना सांगून दुसरं काही घ्या.

मीठ कमी करायचं म्हणजे फक्त भाजीतलं नव्हे. आपल्या ताटात ते डाव्या बाजूला बसलेलं असतं : लोणचं, पापड, सांडगी मिरची, खारे दाणे. सैंधव चालतं हा गैरसमज आहे, तेही मीठच. आणि दुकानात 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम घातलेलं असतं, आणि रामिप्रिल चालू असताना ते रक्तात वाढू शकतं. घरात वजनकाटा नसेल तर घ्या. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून कॅलेंडरवर लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नाही, पाण्याचं वजन असतं. लगेच फोन करायचा.

डाव्या बाजूच्या शेकांचं तुम्ही विचारलं नाही, पण माहीत असू द्या. त्याचा हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरचा परिणाम हळू असतो, वर्षांनंतर दिसतो. हल्ली श्वास रोखून धरायला लावून हृदयाला झोतापासून दूर ठेवण्याची पद्धत आहे, त्यामुळे धोका पूर्वीपेक्षा कमी झालाय. तरीही आईची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल यापुढे कायम ताब्यात हवं. पाच वर्षांनी 'कॅन्सरमधून सुटलो' म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका.

दोन डॉक्टरांबद्दल एक सांगते. मी फिजिशियन आहे, आणि आमच्या व्यवसायात कॅन्सरवाले आणि हार्टवाले अनेकदा पेशंटच्या तोंडूनच एकमेकांशी बोलतात. 'त्यांना विचारा', 'ते काय म्हणतात बघा' यात आठवडे जातात. तुम्ही एका कागदावर चारही ईएफ तारखांसह, लाल केमोची बेरीज, ट्रास्टुझुमॅबच्या तारखा, चालू गोळ्या आणि आईचा त्रास लिहा. कार्डिओलॉजिस्टना त्याच कागदाखाली लिहून मागा : पुढचा एको कधी, कितीच्या वर आलं तर इंजेक्शनला त्यांची हरकत नाही. तो कागद कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि दोघांनी फोनवर बोलावं असं स्पष्ट म्हणा. त्यात संकोच नको. मोठ्या शहरांत या दोन्हींचं एकत्र पाहणारे कार्डिओ-ऑन्कोलॉजीचे डॉक्टरही आहेत. तुम्ही पुण्यात आहात, तर एक मत तिथे घेता येईल.

आईला डॉक्टरांसमोर बोलतं करणं अवघड जाईल. 'त्रास होतो का' या प्रश्नाला त्या पिढीच्या बायका 'नाही' असंच म्हणतात. म्हणून घरी वेगळं विचारा. जिना चढून आल्यावर लगेच बोलता येतं का? आंघोळीनंतर बसावं लागतं का? एक उशी काढली तर काय होतं? संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो का? उत्तरं लिहून घ्या आणि तिला सांगूनच ती डॉक्टरांना द्या, पाठीमागून नको. तिला कळू दे की खरं सांगितल्यानं इंजेक्शन हिरावून घेतलं जाणार नाही, उलट ते पुन्हा मिळण्याची वाट तिथूनच जाते.

मामांना दुखवू नका. बहिणीच्या काळजीपोटीच ते बोलत आहेत, आणि तुम्ही पुण्यात असताना गावात धावणारे तेच असतील. पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत न्या आणि काढ्याचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. भाचीनं नाही म्हणण्यापेक्षा ते त्यांना पचेल.

जोतिबाला यंदा चैत्र यात्रेच्या गर्दीत नेऊ नका. उन्हाचा तडाखा, पायऱ्या, रेटारेटी आणि धाप हे मला चालणार नाही. धापेचा छडा लागेपर्यंत घरातल्या घरात, बोलता येईल इतक्याच चालीनं फिरणं पुरे. एको सुधारला आणि कार्डिओलॉजिस्टनी हो म्हटलं की गर्दी नसलेल्या एखाद्या दिवशी सकाळी लवकर, गाडी जाईल तिथवर गाडीनं न्या. नवसाला तारीख बदललेली चालते का, हे मात्र तुम्ही मला नाही, आईलाच विचारा.